थांबत थांबत परसवाड्याला

बालाघाट

थंडीत गाडी तापते असं सांगितलं, की लोक आधी माझ्याकडे बघत आणि मग गाडीकडे. मार्गशीर्ष लागला होता. बालाघाटला या दिवसांत सकाळी आठपर्यंत वैनगंगेवरचं धुकं उठत नाही. माणसं कानटोप्या घालून टपऱ्यांपुढे उभी राहतात आणि वाफाळते पोहे खातात. अशा हवेत जीप सुरू केली, की वीस मिनिटांत तिचा काटा लाल पट्ट्याकडे सरकायचा आणि बॉनेटच्या फटींतून वाफ यायची.

जीप माधवची. माधव माझा नवरा. वर्ध्याच्या एका कॉलेजात त्याने भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर धान आणि कोदो, कुटकी या भरडधान्यांची जुनी वाणं गोळा करायच्या नादाने तो या जिल्ह्यात येऊन राहू लागला. पावसाळा संपला की यायचा, होळीला घरी परतायचा. मी ग्रंथपाल होते, माझी नोकरी वर्ध्यात. वर्षातले पाच महिने आमचा संसार फोनवर चालायचा आणि तो बरा चालायचा.

गेल्या मार्गशीर्षात एका शाळेतल्या शिक्षकांना बिरशाच्या रस्त्यावर बॉनेट उघडलेली जीप दिसली. माधव साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडाला टेकून बसला होता. मांडीवर वही होती. शिक्षकांना वाटलं, लिहिता लिहिता डोळा लागला असेल. बिरशाच्या दवाखान्यात डॉक्टर मला फोनवर म्हणाले, "तासभर आधी आणलं असतं तर," आणि पुढचं बोलले नाहीत. त्या अर्ध्या वाक्याबरोबर मी वर्ष काढलं. गाडी तापून रस्त्यात थांबली नसती, तर तो तासाभरात बिरशाला पोचला असता. मग ती तापली कशाने? या प्रश्नाचं उत्तर कुणीतरी देऊ शकेल असं मला वाटत होतं. हृदय का बंद पडलं हे नेमकं कुणी सांगितलं नाही, पण इंजिनचं तरी सांगता आलं पाहिजे.

वर्षभर जीप शांताबाईंच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. शांताबाई माधवच्या घरमालकीण. त्यांचे आजेसासरे भंडाऱ्याकडून इकडे आले. त्या आणि त्यांची जाऊ मराठी बोलतात, नातवंडं हिंदीत उत्तर देतात. मी उतरले त्या सकाळी त्यांनी लाखोरीच्या डाळीचे वडे केले होते. आमच्याकडे वड्याला चणाडाळ लागते. लाखोरीचा वडा हलका कडवट लागतो आणि आतून भुरभुरीत राहतो. तो चौथा खाल्ल्यावर आवडायला लागतो.

"वहिनी, गाडी कायले नेता एवढ्या दूर?" त्या म्हणाल्या. "भंगारवाला घरी येते. दोन माणसं लावते अन् घेऊन जाते."

"आधी दाखवते कुणाला तरी."

"दाखवा बाप्पा. भाऊजी होते तवा रोज पुसत होते तिले. बायकोले एवढं पुसत नसन कोनी."

त्या हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. मी म्हटलं, हसा. खरंच आहे ते.

पुसायचा, पण धुवायचा नाही. पुसूनही त्याच्या जीपवर नेहमी भुशाचा आणि चिखलाचा थर असायचा. तो गेला त्याच्या महिनाभर आधी, दिवाळीला, मी चार दिवस आले होते, तेव्हा ती अवस्था मला बघवेना. मी स्वतः ती वॉशिंग सेंटरला नेली आणि पाइप धरणाऱ्या माणसाच्या मागे उभी राहून कानाकोपरा धुऊन घेतला. समोरच्या जाळीत कोंडा अडकला होता, तिथे त्याला जोराने पाणी मारायला लावलं. गाडी चकचकीत झाली. माधव म्हणाला, "आता हिच्यातून शेतात जायची लाज वाटेल मला."

गावातल्या मेकॅनिकने या वेळी नवी बॅटरी बसवली, तेल बदललं, जीप सुरू केली आणि काटा चढताना पाहून थर्मोस्टॅट काढून टाकला. तरी काटा चढलाच. मग तो हात पुसत म्हणाला, "मॅडम, हेड गास्केट गया है. पूरा इंजिन खोलना पडेगा. पुरानी गाडी है, पार्ट ढूंढते रह जाओगे." संध्याकाळी पुण्याहून मुलाचा फोन आला. त्याने सगळं ऐकून घेतलं. "आई, गास्केट असेल तर तिथेच भंगारात दे. नसेल तर आण घरी. पण त्या गाडीपायी तू तिकडे अडकून पडू नकोस. कबूल कर." मी कबूल केलं.

पण गास्केट गेलंय हे कुणी तपासून सांगितलं नव्हतं. माधवच्या वहीत मागच्या पानावर एक नाव होतं: दयाराम मिस्त्री, परसवाडा. पुढे कंसात लिहिलं होतं, "आधी बघतो, मग बोलतो." मी ठरवलं, या माणसाने गास्केट म्हटलं तर मी मानेन.

गांगुलपारा ते उकवा

पाण्याच्या दोन कॅन मागे ठेवून मी निघाले. मला जीप चालवता येते. याच जीपवर शिकले, चाळिशीत, माधवच्या आरडाओरड्यात. स्टेअरिंग जड आहे, वळणावर खांद्यातून जोर लावावा लागतो.

सोबतीला वही होती. माधवने प्रत्येक फेरीची नोंद ठेवली होती. कुठे थांबलो, काय दिसलं, कोण भेटलं. त्याच्याच थांब्यांवर थांबत जायचं असं मी ठरवलं, म्हणजे इंजिनही निवेल. पहिला थांबा गांगुलपाऱ्याच्या तलावाशी होता. वहीत लिहिलं होतं: "गांगुलपारा. अर्धा तास. पाण्यावर बदकं, मोजली नाहीत." मी पोचले तेव्हा काटा लालच्या अलीकडे होता. बॉनेट उघडून काठीवर टेकवलं आणि दगडावर बसले. बदकं होती. मीही मोजली नाहीत.

मग घाट. साग आणि बांबू, मध्ये पिवळं पडलेलं गवत. रस्ता पुष्कळ चांगला आहे, वाहनं थोडी. पलीकडून मॅंगनीजचे ट्रक येतात. एका वळणावर असा एक ट्रक थांबला, ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारलं, "अम्मा, पानी चाहिए?" मी आहे म्हटलं. त्याने वाफेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "कोई साथ में नहीं?" मी मान हलवली. तो निघून गेला. इकडे हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. चहावालीने, पोलिसाने, रस्त्याने जाणाऱ्या बायकांनी. वर्ध्यात कुणी विचारत नाही, तिथे सगळ्यांना माहीत आहे.

दर दहा-बारा किलोमीटरला वहीत एक झाड, एक पूल किंवा एक टपरी होती. "बोरीचं झाड. वीस मिनिटं. बोरं कच्ची." मी पोचले तेव्हा बोरं पिकली होती. खाली वेचणाऱ्या दोन मुली मला बघून पळाल्या आणि थोड्या वेळाने परत आल्या. मी एक बोर तोंडात टाकलं. आंबट होतं.

उकव्याला एका टपरीत समोसा आणि चहा घेतला आणि वही शेवटच्या पानापासून उलटी वाचायला लागले. ही माझी जुनी खोड. पुस्तक कुठलंही असो, ते कुठे उघडून कुठे मिटलं गेलं हे मला बघावं लागतं. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. दिवाळीआधीच्या पानांवर थांबे नव्हतेच. "बालाघाटहून निघालो, पावणेदोन तासांत परसवाडा." पुन्हा पुन्हा तेच. गांगुलपारा नाही, बोरीचं झाड नाही. मग एक ओळ होती: "गाडी चकाचक. हिची हौस." आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापासून थांबे सुरू झाले होते.

मी पान उलटून परत आधीचं पाहिलं. समोसा तसाच राहिला. ज्यांना मी वर्षभर माधवची आवडती ठिकाणं समजत होते, ती गाडी निववायची ठिकाणं होती. आणि ती माझ्या धुण्यानंतर सुरू झाली होती.

असं का व्हावं हे मला कळत नव्हतं. धुतल्याने गाडी तापते, हे कुणी कधी ऐकलंय? मी टपरीवाल्याला विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "धोने से तो ठंडी होगी ना, मॅडम."

परसवाडा

दयाराम मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे बाजाराच्या टोकाला एक पत्र्याचं छप्पर, मागे घर, घरापुढे पपईची दोन झाडं. छपराखाली एका जुन्या टायरवर एक म्हातारे गृहस्थ पाय वर घेऊन बसले होते. जीप वळताच तेच आधी बोलले.

"दयाराम, बाहीर ये. गुरुजीची गाडी येऊन राह्यली."

दयाराम बाहेर आला. पन्नाशीचा, बारीक, चष्म्याला दोरी. त्याने जीपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. खुर्ची आणली, पुसली, ठेवली. मी काटा, वाफ, थर्मोस्टॅट आणि गास्केट असं सगळं एका दमात सांगितलं. गास्केट असेल तर जीप भंगारात जाईल, हेही सांगितलं.

"गास्केट गेलं असं कोन म्हन्लं?"

"बालाघाटच्या मेकॅनिकने."

"उघडून पाह्यलं त्यानं?"

"नाही."

"मंग काहून म्हन्लं?"

टायरवरचे म्हातारे हसले. "त्याले इंजिन खोलाचं होतं म्हून म्हन्लं. तूबी म्हन, दोन महिने काम पुरन."

"झाडूजी, तुमी चूप बसा," दयाराम म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "हे झाडूजी. तीस साल बस चालवली यायनं. आता माहं डोकं चालवते."

"अन् हा व्हॉल काहून काढला त्यानं?" त्याने बॉनेटमध्ये डोकं घालून थर्मोस्टॅटच्या जागेकडे बोट दाखवत विचारलं. "घरात ऊन येते म्हून दरवाजाच उखडून फेकाव का? हिवाळ्यात इंजिनले गरमी लागते मॅडम, मापात लागते." त्याने रेडिएटरवर लांबूनच हात धरला. "आता काई नाई होत. थंडं होऊ द्या. गरम इंजिन खरं सांगत नाई."

तीन तास लागतील म्हणाला. मी मागे घरात बसले. दयारामच्या बायकोने, वंदनाने, कोदोचा भात आणि अंबाडीची भाजी वाढली. आमच्याकडे ज्वारीची भाकर, इकडे भातावर भात. कोदोचा भात करडा, मोकळा आणि गिळताना थोडा घशाला लागणारा. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, तिला ताजा हार होता. वंदना म्हणाली, "गुरुजी आले का कोदोच मांगे. आमचे पोरं म्हंते, हे गरीबाचं खानं. गुरुजी म्हने, लेकहो, याची बी मले द्या, तुमाले तुमचा तांदूळ लखलाभ."

ती त्याची नक्कल करत होती, आणि ती इतकी बरोबर होती की मी ताटातून मान वर केली नाही.

उन्हं कलायच्या आधी दयारामने हाक मारली. मला त्याने बाजूला उभं केलं आणि सगळं दाखवत दाखवत केलं, जसा माधव मुलांना नकाशा वाचायला शिकवायचा.

आधी तेलाची पट्टी काढली, फडक्यावर पुसली. "पाहा. तेल काळं आहे, दुधासारखं नाई. गास्केट फुटलं अन् पानी तेलात गेलं, का दूध होते." मग थंड रेडिएटरचं झाकण उघडलं आणि मला गाडी सुरू करायला लावली. पाण्याकडे तो पुष्कळ वेळ बघत राहिला. झाडूजीही टायरवरून उठून आले. "बुडबुडे नाई," दयाराम म्हणाला. "धूरबी पांढरा नाई. गास्केट साबूत आहे."

म्हणजे भंगार नाही. पण प्रश्न तसाच होता.

त्याने झाकण लावलं, फॅन बेल्ट बोटाने दाबून पाहिला, तो ताठ होता. काटा चढू लागल्यावर वरच्या होज पाइपला फडकं लावून हात दिला, मग खालच्या. मग इंजिन बंद करून रेडिएटरच्या तोंडावर तळहात हळूहळू फिरवला, कोपऱ्या-कोपऱ्यापर्यंत. "अंदरून चोक असता तर एखादी जागा थंडी लागली असती. सगळी सारखी गरम आहे. पानी फिरून राह्यलं. हवा फिरून नाई राह्यली." मग मला म्हणाला, "एखादा कागद आहे का? हलका."

माझ्या पुस्तकात खूण म्हणून एक जुनी पावती असते, वाचनालयाची, परतीच्या तारखांची. ती दिली. त्याने इंजिन परत चालू करायला लावलं आणि समोरच्या जाळीतून हात घालून ती पावती रेडिएटरला टेकवली.

"अंदर पंखा हवा वढते. साफ रेडिएटर असला, का कागद चिटकून राह्यते. आता सोडतो."

त्याने बोट काढलं. पावती खाली पडली. त्याने उचलून दुसऱ्या जागी लावली. पडली. पाच जागी लावली, पाचही वेळा पडली. मग इंजिन बंद करून त्याने पंख्याच्या बाजूने टॉर्च धरला आणि मला समोरून बघायला सांगितलं. रेडिएटरच्या बारीक पत्र्यांतून उजेडाचे ठिपके दिसायला हवे होते. मी जाळीला नाक लावून पाहिलं. आत मातीची भिंत होती. एक ठिपका नव्हता.

"इथून भुसा जाते," तो म्हणाला. "इकडचे लोक कोदो रोडवर पसरते. गाड्या वरून गेल्या का मळनी होते. दुसरे गाडीवाले हॉर्न मारते, बाजूनं जाते. गुरुजी मुद्दाम वरून चालवत. पुढं, मांगं, पुढं, मांगं."

"बुढ्या बायकाईले तर ट्रॅक्टरच भेटला होता फुकटचा," झाडूजी म्हणाले.

"पन भुसा सुका असते. हवेनं येते, झटकला का जाते. गुरुजीले मी सांगतलं होतं, मांगून हवा मारत जा. ते मारत. मले समजलं नाई ते हे, का याची माती कशी झाली." त्याने नखाने एक कण काढला. "हे पान्यानं झालं. कोनी समोरून जोरात पानी मारलं. भुसा अंदर ठासला, माती ठासली, अन् वाळून सिमेंट झालं."

तो रेडिएटर उतरवायला लागला.

ते काम तासभर चाललं. रेडिएटर त्याने अंगणात उलटा उभा केला, मागच्या बाजूने आधी साधं पाणी सोडलं, माती भिजू दिली, मग पंक्चरच्या कॉम्प्रेसरची हवा हळूहळू मारली. तपकिरी गाळ येऊ लागला, त्यात भुशाचे गोळे, गवताची बी, पाखरांची पिसं. झाडूजी खाली वाकून निवडत होते. "हे कोदो. हे धान. हे कुटकी. बाप्पा बाप्पा, गुरुजीनं सारा जिल्हा भरून ठेवला यात." त्यांनी दाणे बाजूला एका पानावर ठेवले. तोवर वंदनाच्या कोंबड्या आल्या आणि माधवचं शेवटचं संकलन टिपून गेल्या. झाडूजींनी त्यांना शिव्या घातल्या. मला हसू आलं. वर्षभरात पहिल्यांदा असं, न ठरवता.

मग दयाराम हात धुऊन माझ्यासमोर उकिडवा बसला.

"एक गोष्ट सांगतो. गुरुजी जाच्या चार दिवस आधी इथं आलते. म्हने, गाडी तापते. मी म्हन्लं, ठेवून जा, अर्धा दिवस लागन. म्हने, आता नाई, कोदो निघून राह्यला, आठ दिवसांनं आनतो. मी जाऊ देल्लं. चाबी काढून घेतली असती तर... सालभर मी हेच म्हनतो. यायले विचारा."

"रोज म्हंते," झाडूजी म्हणाले.

"मी विचारलं होतं त्यायले, गाडी धुतली का कुठं? म्हने, धुतली कोनीतरी."

कोणीतरी. मी माझ्या हातांकडे बघत होते. दिवाळीनंतर महिनाभर रोज फोन व्हायचा. त्या सगळ्या फोनांत तो मला बदकांचं सांगायचा, बोरांचं सांगायचा.

"मी धुतली," मी म्हटलं.

झाडूजी कोंबड्यांकडे बघायला लागले. दयारामने चष्मा काढला, दोरीने छातीवर सोडला.

"तुमी धुतली म्हून गाडी तापली," तो शेवटी म्हणाला. "हे खरं आहे, मी खोटं नाई सांगत. गाडी तापली म्हून गुरुजी गेले, हे मले नाई माहीत. मी चाबी नाई काढून घेतली म्हून गेले, हेबी नाई माहीत. इंजिनले हात लावून पाह्यता येते. मी इंजिनचं सांगतो. मानसाचं मले सांगता येत नाई."

त्याने रेडिएटर बसवला, नवा थर्मोस्टॅट घातला, पाणी भरलं. इंजिन सुरू केलं आणि पावती माझ्या हातात दिली. "लावा तुमी."

मी जाळीतून हात घातला, पावती टेकवली आणि बोट काढलं. ती चिकटून राहिली. कागदाच्या कडा थरथरत होत्या, पण ती पडली नाही.

निघताना त्याने जाळीच्या आत मच्छरदाणीचा एक तुकडा तारेने बांधला. "भुसा यावर थांबन. दर वेळी काढाचा, झटकाचा, लावाचा. अन् पानी मांगून. समोरून कोनी पाइप घेऊन आला, तर त्याचा हात धरा."

बिरशाचा रस्ता

रात्री दयारामकडेच राहिले. सकाळी तो म्हणाला, आता सरळ बालाघाट, आणि तिथून वर्धा. मी म्हटलं, आधी बिरशाकडे जाऊन येते. तो समजला. वंदनाने चिला, इकडचं धिरडं, बांधून दिला.

बैहरपर्यंत वहीतले तीन थांबे लागले, मी एकाही ठिकाणी थांबले नाही. काटा मधोमध उभा होता. बैहरनंतर रस्ता साल आणि साजाच्या जंगलातून जातो. सालाची झाडं सरळ असतात, गर्दीतही आपापली उभी. साजाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. शिक्षकांनी सांगितलेलं झाड मोरीच्या पुढचं, डाव्या हाताचं. ते ओळखायला त्रास झाला नाही.

मी गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडायची गरज नव्हती. झाडाला टेकून बसले. समोर कापलेलं धानाचं शेत, त्यापलीकडे दोन घरं, धूर. एक माणूस सायकल हातात धरून चालत गेला. जागा वाईट नव्हती. एवढं मला कळलं, की माधव इथे घाबरून थांबला नव्हता. किल्ली बंद होती, बॉनेट काठीवर टेकवलेलं होतं, रेडिएटरचं झाकण त्याने उघडलंच नव्हतं, म्हणजे तो निवायची वाट बघत होता. हे सगळं पोलिसांच्या कागदात लिहिलेलं होतं. मी ते दहा वेळा वाचलं होतं, पण मला वाचता आलं नव्हतं. त्याच्या शेवटच्या पानावर एवढंच होतं: "साजाचं झाड. काटा लाल. थांबलो." त्याखाली मी लिहिलं: "साजाचं झाड. काटा मधोमध. तरी थांबले."

डॉक्टरांचं अर्धं वाक्य पुरं करायला मी वर्षभर कुणीतरी शोधत होते. ते आता माझ्याकडे तसंच राहील. हेही मला तिथे बसल्यावर कळलं. चिला खाल्ला, पाणी प्यायले, गाडी वळवली.

दोन किलोमीटर मागे आले आणि रस्ता अडला. येताना मोकळा होता. आता एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत कोदो पसरला होता, कणसांसकट, हातभर उंच. चार बायका काठ्यांनी तो सारखा करत होत्या. पुढची एक गाडी हॉर्न वाजवत कडेच्या मातीतून तिरकी निघून गेली. बायकांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. मग त्यांना जीप दिसली. सगळ्यांत म्हातारी होती ती काठी टाकून पुढे आली, तोंडभर हसत.

"ये तो गुरुजी की गाडी आय!"

ती खिडकीशी आली, आत पाहिलं. तिचं हसू अर्ध्यावर थांबलं. "गुरुजी नहीं आए?"

"नहीं," मी म्हटलं. "गुरुजी नहीं रहे."

तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. बाकीच्या तिघीही जवळ आल्या. म्हातारीने जीपच्या दारावर हात ठेवला, जसा बैलाच्या पाठीवर ठेवतात. मग तिने मागे वळून कोदोकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, आणि मला विचारलं,

"तुमको चलाना आता है ना?"

मी पहिला गिअर टाकला. जीप त्या ढिगावर चढली, खाली करकर आवाज झाला, भुसा उडाला आणि काचेवर आला. पलीकडे पोचून आरशात पाहिलं. म्हातारी हाताने खूण करत होती. मागे, मागे.

मागे आले. पुन्हा पुढे गेले. तिसऱ्या फेरीनंतर उतरून मच्छरदाणीचा तुकडा सोडला, गुडघ्यावर झटकला, परत बांधला. कोदोचे दाणे माझ्या चपलांवर पडले. बायका एकमेकींत काहीतरी म्हणून हसल्या. चढून बसले. काटा मधोमध होता.

"बाई, एक बार और," म्हातारी ओरडली.

मी गाडी मागे घेतली.